ड्रोनवर छत्री

गेल्या मे महिन्यात धारला मावसबहिणीच्या लग्नात एक ड्रोनवाला आला होता. भर दुपारी वरात निघाली, तर हा स्वतः उन्हात आणि छत्री ड्रोनवर! दोन मिनिटं उडवून त्यानं तो उतरवला.

मामा ओरडले, "अहो, उडवा ना!"

"बॅटरी तप गई है, भिया. लोगों के सिर पे नहीं उड़ाऊँगा. दूसरा बुला लो."

मामा रुसून बसले. ऊन उतरेपर्यंत वरात कडुलिंबाखाली थांबली, पण बँड थांबेना, म्हणून तिथेच नाच रंगला. नवरदेवही घोडीवरून उतरून नाचला.

ऊन कललं तसा बाजूच्या रिकाम्या शेतावरून ड्रोन भुर्रकन वर गेला. आम्ही वेड्यासारखे हात हलवत ओरडलो. तो माणूस पहिल्यांदाच हसला.

"मामाजी, अब नाचो!"

आणि मामा इतके नाचले की त्यांचा फेटाच सुटला.