डाव्या दारावरचा ओरखडा

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात हलका होईल. ज्यांच्या नजरेतून कधी एकही खोट सुटली नाही असे अख्ख्या बंगळुरात एकच गृहस्थ आहेत, आणि त्यांना मी सव्वा महिना स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावला. हे गृहस्थ म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनच कन्नड डोकावते. मी सांगलीहून नोकरीसाठी आलेला. वीस वर्षं झाली तरी मला रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतीसुद्धा कन्नड येत नाही.

अण्णांनी पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, मापायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. नारळ ते कानाशी धरून इतका वेळ हलवतात की दुकानदाराला वाटावं, आतून कोणीतरी बोलतंय. चिकपेटेच्या कापडबाजारात एकदा त्यांनी अक्कांची साडी वीत-वीत उजेडात धरून पाहिली, तेवढ्यात दुकानदाराने डबा उघडून, जेवून, हातही धुतले. घरी ताटातल्या इडलीकडेसुद्धा ते वाकून बघतात. "ही चौथी स्वल्प चपटी आहे," असं म्हणाले की अक्का म्हणतात, "मग रिजेक्ट करा आणि उपाशी बसा." तेव्हा मात्र इडली पास होते.

पण त्यांचं खरं तेज प्रकट होतं ते भाड्याची गाडी घेताना. म्हैसूरला नात्यातला एक साखरपुडा होता, त्यासाठी दोन दिवस आपणच चालवायची सात जणांची गाडी ठरली. चालवणार मी, कारण अण्णांच्या मते चालवणाऱ्याला गाडी दिसत नाही, रस्ता दिसतो. दोन संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून मोबाइलवरचे सगळे नियम मोठ्याने वाचायला लावले. कुणी पोथी ऐकावी तसे ते मांडी घालून ऐकत होते.

"विमा म्हणजे सगळं माफ, असं समजू नकोस," ते म्हणाले. "टायर त्यात नाही, काच नाही, गाडीचं पोट नाही. किल्ली हरवलीस तर तीही नाही. आणि पुढचं कलम परत वाच."

मी परत वाचलं. गाडीला काही लागलं तर लगेच कळवायचं, असं ते कलम होतं.

"तेच सगळ्यांत मोठं. कळवलं तर विमा आहे. लपवलं तर काही नाही."

इंधनाचं तर त्यांनी शास्त्रच केलं होतं. जितकं मिळालं तितकंच भरून परत द्यायचं. कमी दिलं तर दंड, आणि जास्त दिलं तर ते कोणी परत करत नाही. गाडी उतारावर उभी असेल तर काटा खोटं बोलतो, म्हणून गाडी घ्यायला जाताना त्यांनी गवंड्याची पाणसळ नेली होती. गाडी देणाऱ्या माणसाला त्यांनी ती तीन वेळा पुढे-मागे करायला लावली आणि पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आल्यावरच काट्याचा फोटो काढला. मग खडू, भिंग आणि वही काढून पाऊण तास फोटो घेत गाडीभोवती फिरले. जुन्या ओरखड्यांभोवती खडूने गोल केले, तेव्हा तांबडी गाडी देवी आल्यासारखी दिसायला लागली. एकूण अकरा ओरखडे, सगळे वहीत नोंदले. "हुडकायला आणखी काही आहे का, सर?" त्या माणसाने विचारलं. "तू थांब, मी सांगतो," अण्णा म्हणाले.

म्हैसूरला कार्यालयात मी हे सगळं नक्कल करून दाखवलं. पाणसळ म्हणून हातात केळं धरलं होतं. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या, आणि अण्णाही कोपऱ्यात बसून हसले. त्यानंतर तासाभराने मला गजरे आणायला पिटाळलं. फाटकातून गाडी वळवताना डाव्या बाजूला करकर आवाज झाला. फाटकाजवळचा बुटका दगडी खांब मागच्या दाराला वीतभर घासला होता. नुकतंच अण्णांवर सगळ्यांना हसवून मी आता त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने जाणार होतो? मी आजूबाजूला पाहिलं आणि झाडाच्या आळ्यातला ओला चिखल घेऊन दाराला फासला. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.

परत आल्यावर काटा मूळच्या रेघेपेक्षा केसभर वर निघाला, म्हणून अण्णांनी मला पीण्यात तीन फेऱ्या मारायला लावल्या. काटा रेघेवर टेकला. मग गाडी देणाऱ्या माणसाने ओल्या फडक्याने गाडी पुसली आणि बारावा ओरखडा उघडा पडला.

अण्णांनी वही पाहिली. फोटो पाहिले. नेमक्या त्या जागेच्या फोटोवर त्यांची स्वतःचीच सावली पडली होती. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, पण तेवढ्यात तेच त्या माणसाला म्हणाले, "गाडी यानं चालवली. रस्त्यात लागलं असतं तर यानं मला सांगितलं असतं. म्हणजे ओरखडा आधीचाच, आणि मी पाहिला नाही." सवयीने त्यांनी पट्टी लावून ओरखड्याची जमिनीपासूनची उंची वहीत टिपली आणि वही मिटली. माझी अनामत कापली गेली, त्याचं मला काहीच वाटलं नाही. मी कबुली न देताच पावतीवर सही केली.

पुढच्या आठवड्यात अक्कांचा फोन आला. "अहो, यांना काहीतरी झालंय. काल नारळ न हलवता घेऊन आले."

मग एकेक बातमी येऊ लागली. दुधाची पिशवी न दाबता घेतली. चौथ्या इडलीबद्दल चकार शब्द नाही. साडीत ओढलेला दोरा अक्कांनीच दाखवला, तर म्हणाले, "चालतंय." चालतंय! हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून अक्कांना रडू आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं. एरवी अण्णांनी डॉक्टरांचं यंत्र शेवटचं कधी तपासलं ते विचारलं असतं. या वेळी नुसतं "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणून घरी आले आणि भिंग कपाटात ठेवून दिलं.

असा महिना गेल्यावर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. खांब, गजरे, चिखलसुद्धा. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस. अक्कानं पाठवलं ना?"

"शपथ, अण्णा. मला माफ करा."

"पुरावा नसताना मी माफी घेत नाही."

म्हणून आम्ही पुन्हा गाडी भाड्याने घेतली. या खेपेला खडू माझ्या हातात होता. अण्णा निम्म्या मनाने फिरत होते. प्रत्येक ओरखडा आधी मला विचारून मग लिहीत होते. मग थेट म्हैसूरच्या कार्यालयाचं फाटक गाठलं.

खांब जागेवर होता. त्याच्यावर तांबडा पट्टा होता, आणि तो पाहून कोणा भाविकाने दोन जास्वंदी वाहिल्या होत्या. अण्णांनी फुलं हळूच बाजूला ठेवली, रस्त्यातच गुडघे टेकले आणि पट्टा नखाने खरवडला. "कुंकू नव्हे. रंग." पट्टी लावली, वही उघडली. एकोणचाळीस सेंटीमीटर. वहीतही एकोणचाळीस.

त्यांनी वही मिटली. मग स्वतःशीच म्हणाले, "पास." फुलं पुन्हा जागेवर ठेवली आणि माझ्याकडे हात केला. हल्ली उठायला त्यांना हात लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हं," उभे राहून ते म्हणाले, "आता माग माफी."

मी त्यांचा हात सोडला नाही. म्हणालो, "दाराचं सोडा, अण्णा. त्या न हलवता आणलेल्या नारळाबद्दल मला माफ करा."