कापसाच्या काट्यावर गुरुजी

एका सोमवारी मी शाळेच्या जिन्यावरून पडलो. गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं, पाय आता चालणार नाहीत. घरी चाकाची खुर्ची आली.

मग वजन वाढू लागलं. बसून वाचणं हा माझा जुनाच उद्योग. आता त्याला डॉक्टरांची परवानगी मिळाली होती! पलंगावरून मला उचलून खुर्चीत बसवायची माझी बायको, सुधा. ती स्वतः पंचेचाळीस किलोची. एक दिवस कंबर धरून म्हणाली, "अहो, तुम्ही अजून भरले ना, तर दोघंही खाली पडून राहू. मग उचलन कोण?"

तेव्हा ठरलं. गल्लीत हातांनी खुर्ची ढकलत रोज दहा फेऱ्या, जेवणात भाकर-भाजी, आणि वजन उतरवून मी आपला आपण पलंगावरून खुर्चीत सरकायचं. (चिवडा बंद. हे कलम तिने दोनदा वाचून दाखवलं.)

पण वजन करायचं कुठे? घरच्या काट्यावर उभं राहावं लागतं. रहीमभाईंचा कापूस-खरेदीचा काटा मात्र जमिनीसरसा. खुर्ची थेट वर चढायची. दर गुरुवारी कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेत मीही! सुधा काट्याबाहेर उभी राहून खुर्ची मागून धरायची. घसरू नये म्हणून.

"गुरुजी एकशे दोन! बारदान अठरा वजा!" रहीमभाई ओरडले. बारदान म्हणजे एरवी पोत्याचं वजन, इथे खुर्चीचं. मी भरलो चौऱ्याऐंशी.

पुढच्या गुरुवारी त्र्याऐंशी. मग ब्याऐंशी. आणि मी तर शब्दकोशाच्या रिकाम्या खोक्यात चिवडा दडवून रोज दुपारी खात होतो! आठव्या गुरुवारी एकोणऐंशी झालो, तेव्हा चिवड्याने चरबी झडते असा शोध मी मनातल्या मनात लावला आणि दहा फेऱ्यांच्या चार केल्या.

नवव्या गुरुवारी हवेत कापसाचे तंतू उडत होते. खुर्चीसकट आकडा सत्त्याण्णववर थांबतो न थांबतो तोच सुधाला शिंक आली. तिचे दोन्ही हात तोंडावर गेले. आणि काटा एकशे चारवर!

"या अल्ला! काटा बिघडला!" रहीमभाई म्हणाले.

झालं! रांगेतला एक शेतकरी गरजला, "बिघडला? म्हंजे आमचा कापूसही चुकला! पुन्हा मोजा!"

"मले तं पहिलेच वाटलं होतं!" दुसरा.

"अरे भाई, दस साल का काटा है, कधी खोटं नाही बोलला!"

मोजून झालेली गाठोडी पुन्हा काट्याकडे येऊ लागली. कोणी काटा हलवून पाहिला, कोणी मला!

"थांबा!" सुधा ओरडली. "काटा चांगला आहे. मीच मागून खुर्ची उचलून राह्यली होती."

"कायले, वहिनी?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

"दुसऱ्याच गुरुवारी वजन वाढलं होतं. ह्यांचं तोंड उतरलं असतं. मग ह्यांनी फेऱ्याही सोडल्या असत्या."

रांगेतले सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"मी चिवडा खात होतो," मी म्हणालो.

"माहीत आहे," सुधा म्हणाली. "त्या खोक्यात मुंग्या काय शब्दाचा अर्थ पाहाले जात होत्या?"

सगळ्यात मोठ्याने हसले ते रहीमभाई. त्यांच्या काट्याची अब्रू वाचली होती! मग त्यांनी माझा खरा आकडा सर्वांना ऐकू जाईल असा वाचला. शहाऐंशी.

पुढच्या गुरुवारपासून सुधा खुर्चीच्या समोर उभी राहू लागली, हाताची घडी घालून. दीड वर्ष लागलं. एका सकाळी मी पलंगावरून सरकलो आणि खुर्चीत पोचलो. सुधा आत गेली आणि वाटीत मूठभर चिवडा घेऊन आली.

गेल्या पौषात सुधा गेली.

आता सकाळी मी एकटा खुर्चीत येतो. गल्लीत दहा फेऱ्या मारतो. गुरुवारी काट्यावर जातो. रहीमभाई हात पाठीशी बांधून दूर उभे राहतात. वजन एकाहत्तर. त्यातलं एखादं किलो चिवड्याचं आहे.