तानूबाईकडं धाडलेली माणसं

मुळशीच्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढलं आणि तानूबाईचं गाव त्याखाली गेलं. नवरा भिकू, दोन शेळ्या आणि कारळ्याच्या तेलाचा बुधला घेऊन ती नेरे गावात आली. भिकूच्या मावसभावानं गोठ्याशेजारी खोपटापुरती जागा दिली. भिकूला रोजानं काम मिळालं. तानूबाईला मात्र कुणी बोलावेना.

तिचं काम चोळण्याचं. उसण भरलेली पाठ, लचकलेला घोटा, भात लावून धरलेली कंबर ती हातानं मोकळी करायची. आत्याकडून शिकली होती. जुन्या गावात तिला कधी कुणाचं दार वाजवावं लागलं नव्हतं. एकीची मान सुटली की ती नदीवर दुसरीला सांगायची, दुसरी माहेरी सांगायची, आणि माणसं डोंगर उतरून यायची. आता ती सगळी जिकडं जागा मिळाली तिकडं पांगली होती. घर गेल्याचं दुःख होतंच. पण आपलं नाव सांगणारी तोंडंही गेली, हे तिला नेऱ्यात आल्यावर कळलं.

सुरुवातीला ती घरोघर हिंडली. बायका ऐकून घेत, पाणी देत, आणि कुणाचंच काही दुखत नसे. एका ओसरीवर म्हातारा कण्हत पडला होता आणि त्याची सून म्हणाली, "आमच्यात समदी बरी हायेत." तानूबाईला राग आला नाही. दारात आलेल्या अनोळखी बाईच्या हाती तिनंही आपला माणूस दिला नसता.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की इथलं दुखणं आधी दोनच ठिकाणी जातं. बायकांचं साळूबाई सुइणीकडं आणि मोडलेलं हाड कुशाबा धनगराकडं. ती आधी साळूबाईकडं गेली.

"बाळंतिणीला आन् लेकराला मीच चोळते," साळूबाई म्हणाली. "तुझ्याकडं धाडलं तर मी काय करू?"

"तुमचं काम मला नको, आक्का. तुमाला झेपत न्हाई तेवढंच द्या."

"मला समदं झेपतंय."

कुशाबाची अडचण वेगळी होती. बांबूच्या कामट्या लावून तो हाड बांधायचा. हाड जुळायचं, पण कामट्या सोडल्यावर सांधा ताठच राही आणि लोक त्याला बोल लावत. त्यानं तानूबाईचं सगळं ऐकून घेतलं, "बघू" म्हणाला, आणि काही दिवसांनी कोंडाजीला तिच्याकडं धाडलं.

कोंडाजी गावातला मोठा शेतकरी. बैलगाडीवरून पडून त्याचं मनगट मोडलं होतं. आता कामट्या निघाल्या होत्या, पण मूठ मिटत नव्हती. तानूबाई रोज सकाळी कोमट तेलानं त्याचं एकेक बोट सोडवू लागली. बोटं सुटली, विळा धरता येऊ लागला. मनगट मात्र वळेना. चोळताना तिच्या अंगठ्याला आत एक उंचवटा लागायचा. हाड जरा वाकडं जुळलं होतं.

एक दिवस कोंडाजीनं विचारलं, "खरं सांग. बांधताना चुकलं न्हवं?"

तानूबाईचा हात थांबला. 'व्हय' म्हटलं असतं तर कुशाबानं बिघडवलं आणि तानूबाईनं सुधारलं, असं गावभर झालं असतं. कोंडाजीच्या शब्दाला वजन होतं.

"बांधताना मी न्हवते," ती म्हणाली. "कुशाबाला इचारते."

दुपारी ती माळावर गेली. कुशाबा मेंढरांमागं उभा होता.

"कोंडाजीचं हाड वाकडं बसलंय," ती म्हणाली. "माझ्या बोटाला लागतंय."

"त्याला सांगितलंस?"

"न्हाई. ते तुमी सांगायचं."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"त्यांनी परत इचारलं तर मला सांगावं लागंल. खोटं मी बोलायची न्हाई."

कुशाबानं मेंढरं हाकली आणि पुढं निघून गेला.

त्यानंतर त्याच्याकडून कुणीच आलं नाही. "एकच दार उघडलं होतं, ते बी गेलं," ती भिकूला म्हणाली. कोंडाजीनं परत विचारलं नव्हतं; पण त्याचा रोज विश्वासानं पुढं येणारा हात तिच्या मनाला त्याहून जास्त लागत होता. त्याच्याकडं बघणं ती टाळू लागली.

मग एका सकाळी कोंडाजी आला तो बसलाच नाही. "कुशाबा येऊन गेला," तो म्हणाला. "सूज लई होती, हाताला नीट लागलं न्हाई, चुकलं म्हणाला. तुला ठाव होतं?"

"व्हय."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"त्यांच्या तोंडून यावं असं वाटलं. पर तुमाला अंधारात ठिवलं, ते बरं न्हाई झालं."

 कोंडाजी खाली बसला आणि त्यानं हात पुढं केला.

ते मनगट शेवटपर्यंत पुरतं वळलं नाही. कोंडाजी जू बांधायला डावा हात वापरू लागला, आणि कुशाबाशी तो वर्षभर बोलला नाही. कुशाबा मात्र यानंतर कामट्या सोडताना तानूबाईला बोलावून घेऊ लागला. "आदी तू बघ," म्हणायचा. माणसं येऊ लागली, शेजारच्या चांदे-माण गावांहूनही. अंग तापलेलं असलं किंवा पाय गरम होऊन सुजलेला असला तर ती हात लावत नसे. सोबत कुणी देऊन पौडच्या वैद्याकडं पाठवायची. पुढं वैद्यही गुडघे धरलेली म्हातारी माणसं तिच्याकडं पाठवू लागला. बरं होऊन निघालेल्या प्रत्येकाला ती सांगायची, "ज्यानं धाडलं त्याला आदी जाऊन दाखवा."

साळूबाई सगळ्यात शेवटी आली. बरोबर सारजाबाई नावाची ओली बाळंतीण होती; तिला पाठ टेकवत नव्हती.

"हिला चोळ," साळूबाई दुसरीकडं बघत म्हणाली. "पर लेकराला मीच न्हाऊ घालणार."

"तुमीच घाला, आक्का."

साळूबाई शेजारीच बसून राहिली. दोनदा तिनं तानूबाईला टोकलं. एकदा तिचंच बरोबर होतं, आणि तानूबाईनं हात तसा फिरवला. चोळून झाल्यावर सारजाबाई घरी गेली. साळूबाई उठली नाही. तिचा उजवा खांदा खाली उतरल्यासारखा दिसत होता. तानूबाईनं काही न विचारता तेलाची वाटी निखाऱ्याजवळ सरकवली. तेल कोमट झालं. मग साळूबाईनं चोळीची बाही सैल केली.