दादाची खिट्टी आणि भाऊजींचा शिक्का

दादा गेल्यापासून भाऊजी सगळ्यांना सांगत सुटलेत, मेहुण्यासाठी मी खूप केलं. काय केलं ते आता मी सांगते. भाऊजी म्हणजे आमच्या थोरल्या ताईचा नवरा. दादा माझा भाऊ, फिटर. कानस घासून घासून बोटांच्या रेषा गेलेल्या, त्यामुळे मोबाईलचं कुलूप बोटाने कधी उघडायचंच नाही, मग त्याला शिव्या घालत बसायचा.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा पलंगाचा कठडा पाडताना तिचं बोट खिट्टीत चेमटलं. आई गप्प, दादाच ओरडला. मग लागला नवी खिट्टी करायला. किती केल्या, किती मोडल्या. प्रत्येकीत आधी स्वतःचं बोट घालून बघायचा. वहिनी म्हणायची, "अहो, सगळी बोटं घेऊन घरी या म्हणजे झालं." शेवटी जमली. मध्ये बोट आलं की खिट्टी लागायचीच नाही.

त्याच्या पोरीने सगळी चित्रं कॉम्प्युटरवर काढली. पलंग बनवणाऱ्या कारखान्याला दाखवायची, पण उद्या ते म्हणाले ही आमचीच, तर? त्यासाठी वेळेचा शिक्का घेतात. कॉम्प्युटरवरचाच असतो. हा कागद अमक्या वेळेला असाच होता, नंतर कोणी बदलला नाही, असं तिसऱ्याच कोणीतरी सांगायचं. पोरीने एक कंपनी शोधलेली, सरकारच्या यादीतली. तिथलं घड्याळ बाहेरचे लोक येऊन तपासतात.

तेवढ्यात भाऊजी टपकले. त्यांनीपण तसलंच दुकान काढलेलं, एका खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून.

"घरात माणूस असताना परक्याच्या दारात जाता?"

दादा म्हणाला, "भाऊजी, मला न ओळखणाराच पाहिजे."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?"

"माझा आहे हो. कारखानावाल्याचा कुठून आणू?"

झालं. ताईने रडून घर डोक्यावर घेतलं. फोन उचलेना. आईच्या उशाशी बसून तिला सगळं ऐकवलं, बरं नसलेल्या बाईला. आईने दादाचा हात धरला, म्हणाली घरात फूट नको रे. दादाने शिक्का भाऊजींकडूनच घेतला.

मग कारखान्याने तीच खिट्टी आपली म्हणून बाजारात आणली. दादाला फक्त एवढंच हवं होतं की ही त्याची आहे असं कोणीतरी मान्य करावं. गेला शिक्का घेऊन कोर्टात भांडायला. मीपण होते सोबत. त्यांच्या वकिलाने विचारलं, "शिक्का देणारे तुमचे कोण?" दादा म्हणाला, "बहिणीचे यजमान." लोक हसले. मग भाऊजींना विचारलं, घड्याळ कोण तपासतं. हे छाती काढून म्हणतात, "मी स्वतः!" तिथेच सगळं संपलं. आणि बाहेर आल्यावर दादावरच डाफरले, "नातं सांगायची काय गरज होती तुला?"

त्या दिवसानंतर दादाने कानस हातात धरली नाही. डॉक्टर म्हणतात हृदय बंद पडलं. म्हणोत.

परवा भाऊजी आले, बसले, डोळे पुसले. मग हळूच विषय काढला. दादाने जायच्या आधी खिट्टी अजून सुधारलेली, नुसती कागदावर, चाकाच्या खुर्चीला बसेल अशी. चित्र पोरीकडे आहे. यांना कुठून वास लागला देव जाणे. म्हणतात, "बाळ, याला शिक्का मी देतो. घरचंच काम आहे."

पोरीने त्यांच्या तोंडासमोर त्या यादीतल्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पत्ता सांगितला, आडनाव सांगितलं, आणि विचारलं, "आमच्या नात्यातलं कोणी तुमच्याकडे कामाला नाही ना?"

पलीकडची बाई गोंधळली. "नाही हो मॅडम. का?"

"मग चालेल. आज चित्र पाठवते, बाबांच्या नावाने शिक्का द्या."

भाऊजी ताडकन उठले. "हा माझा अपमान आहे!"

मी म्हटलं, "आहेच. बसा, अजून माझं बोलायचं राहिलंय."