मानलेला भाचा

हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालील मुले कामाला ठेवू नयेत, असा हुकूम निघाला तेव्हा मी कामगार खात्यात निरीक्षक होतो. हिंगोली जिल्ह्यातली हॉटेले तपासण्याचे काम माझ्याकडे आले. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, बाकडी आणि कढई. मी एसटीने जात असे. मी उतरण्यापूर्वीच बातमी बाजारभर पोहोचलेली असे आणि त्या दिवशी प्रत्येक हॉटेलवाल्याला नातेवाईक फुटलेले असत. घरच्या माणसांना कायद्यात सूट आहे, एवढे त्यांनी कुठूनतरी ऐकले होते. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर एका सकाळी मला दोन पुतणे, एक मेहुणा आणि एक धाकटा भाऊ भेटला. धाकटा भाऊ मोठ्या भावाला शेठ म्हणत होता.

शेवटच्या हॉटेलात एक मुलगा टबापुढे उकिडवा बसून गिलास धूत होता. वय अकरा-बारा. सेनगावकडच्या तांड्यावरचा. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेले होते आणि जाताना पोराला जेवणाच्या बोलीवर इथे ठेवून गेले होते. ही माहिती मला पोरानेच दिली. मालक तेव्हा भजी तळण्यात गुंतला होता. पाचवीच्या वर्गात पोराचे नाव होते. शाळा रस्त्याच्या पलीकडे, टबापासून दिसेल अशी.

अडचण साधी होती. खटला भरला तर पोराचे काम त्याच दिवशी सुटणार होते, आणि संध्याकाळचे जेवणही. त्याला कामावरून काढवण्याचा अधिकार मला होता. जेवू घालण्याचा नव्हता.

मी मालकाला विचारले, हा कोण.

"भाचा हाय साहेब. बहिणीचं लेकरू."

"सख्खी बहीण?"

"मानलेली. दर साल राखी बांधती."

कायद्याने कुटुंब म्हणून जी माणसे मोजली आहेत, त्यांत सख्खा भाचादेखील बसत नाही. मानलेल्याचा प्रश्नच नव्हता. हे मला पाठ होते. मी ते बोललो नाही. मी शिरड शहापूरचा. आमच्या भागात बहिणीच्या लेकराला मामाच्या पाया पडू देत नाहीत. मामानेच त्याच्या पायाला हात लावायचा असतो. त्याच्याकडून उष्टे काढून घेणे तर फारच लांबची गोष्ट. घाईत नाते निवडताना मालकाने पुतण्या म्हटले असते, तर निभावले असते.

मी जबाब लिहायला घेतला आणि नाते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगायला लावले. त्याने सांगितले. बाकड्यावरच्या एका जीपवाल्याने चहाची बशी खाली ठेवली.

"मामा, भाच्याच्या हातून उष्टे गिलास धुवून घेऊन राहिले तुमी? पाप लागंन की."

बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्याने, आज भाच्याच्या पाया पडणे झाले का, याची सौम्य चौकशी केली. मालक माझ्याकडे पाहू लागला. भाचा असेल तर रीत पाळावी, नसेल तर मी दुसरा, खटल्याचा कागद काढतो, असे मी त्याला सांगितले.

त्याने हात पुसले, वाकला आणि पोराच्या ओल्या पायांना हात लावला. पोरगा दचकून मागे सरकला. मग त्याने माझ्याकडे पाहिले, जीपवाल्याकडे पाहिले आणि त्याला सगळे उमगले. तो सरळ जाऊन बाकड्यावर बसला.

"मामा," तो म्हणाला, "भजे द्या."

पुढची देखरेख जीपवाल्याने आपण होऊन पत्करली. प्रत्येक फेरीला तो भाच्याची खुशाली विचारी. शाळेच्या वेळात पोरगा हॉटेलात दिसला, तर जीपमधल्या सगळ्यांना मामाची गोष्ट पहिल्यापासून ऐकवी. हॉटेल चालायचे तर त्या जीपमधली गिऱ्हाइके हवीत, हे मालकाला ठाऊक होते.

काही आठवड्यांनी मी न कळवता गेलो. टबापुढे मालक स्वतः बसला होता. पोरगा दिसेना. हाकलला, असे मला वाटले. विचारल्यावर मालकाने साबणाचा हात शाळेच्या दिशेने केला.

"साहेब, तुमी खटलाच भरा," तो म्हणाला. "दंड भरून मोकळा होतो. ह्याला सदरा पायजे, दप्तर पायजे. वरून गिऱ्हाइकं इच्यारतेत, भाच्याला दूध पाजलं का म्हून."

भाच्यावरून खटला भरता येत नाही, असे मी त्याला समजावले. जबाबावर सही त्याचीच होती.

पुढच्या श्रावणात, राखीच्या दिवशी, बस बदलण्यासाठी मी तिथे उतरलो. ऊसतोडीची माणसे केव्हाच परतली होती; पोरगा मात्र शाळेसाठी मामाकडेच राहिला होता. पोराची आई हॉटेलात आली होती. आपण कुणाची तरी बहीण झालो आहोत, हे तिला तांड्यावरच कळले होते आणि ती राखी घेऊन आली होती. मालकाने हात पुढे केला. ही त्या हातावरची तिची पहिलीच राखी होती. त्याने माझ्याकडे पाहण्याचे टाळले. ओवाळणीचे लुगडे त्याच्या बायकोने आधीच आणून ठेवले होते.

लुगडे काखेत धरून ती म्हणाली की, औंदा पोराला कारखान्यावर संगती नेते. उंच झालाय, मोळ्या बांधू लागेल. जेवत असलेल्या पोराचा हात ताटातच थांबला.

"लेकराला उसात न्यायचं न्हाई," मालक म्हणाला. "कायद्यात बसत न्हाई ते. साहेब हैत ना इथं, इच्यार."

ती माझ्याकडे वळली.

"व्हय का, साहेब?"

मनाई केलेल्या कामांच्या यादीत ऊसतोड मला कधीही सापडली नव्हती. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"व्हय बाई," मी म्हणालो. "बसत न्हाई."

तिने मालकाला विचारले की, हा झोपेत पांघरूण फेकून देतो, ते कोण बघतं.

"मामी बघती," मालक म्हणाला आणि कढईकडे गेला.