सारंगखेड्याच्या यात्रेतलं विमान

सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघायला जातात. मी जातो धानोऱ्याच्या भटूचं विमान बघायला. विमान म्हणजे निळी रंगवलेली प्लायवूडची फळी आणि मागे एक बाकडं. बसलं की छातीपासून वरचा माणूस तेवढा दिसतो. पूर्वी भटू खोक्याच्या कॅमेऱ्यात हात घालून आतल्या आत फोटो धुवायचा आणि ओलाच हातात ठेवायचा. काय रांग असायची! विमानात बसल्याशिवाय नव्या नवरीची यात्रा पुरी होत नसे. आता जो तो मोबाइल उंच धरून एकटाच दात काढतो. बघून माझं डोकं फिरतं. भटूनेही छोटा प्रिंटर घेतलाय, पण विमान तेच आहे.

यंदा कळसाडीच्या कौसाबाई आल्या. त्यांनी पिशवीतून जुना फोटो काढला. विमानात त्या, अगदी तरुण, आणि शेजारी नवरा. पण नवऱ्याच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग.

"दर आखाजीले टिळा लावू, मंग पुसू. पुसता पुसता त्यास्नं तोंडच पुसाई गयं," त्या म्हणाल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या फोटोला कुंकू लागतंच. काच बसवायचं कुणाला सुचलं नाही. नवऱ्याचा तेवढा एकच फोटो. "भाऊ, तोंड परत येई का?"

भटूने फोटो उजेडात धरला. "नही माय," तो म्हणाला. कौसाबाईंचा चेहरा पडला. इतकं तोडून बोलायची काय गरज होती, मला भटूचा रागच आला.

मग तोच म्हणाला, "पन माले याद शे. मन्हं पहिलंच साल व्हतं. फोटो निंघी गया तरी तुम्ही उठनात नहीत. मांगना गिऱ्हाईक बोंबलनात. मी उठाडाले गऊ, तं फळीना मांगे त्यास्नी तुन्हा हात धरेल व्हता. सोडतच नव्हतात."

सत्तरीच्या कौसाबाई चक्क लाजल्या. "तुले दिसनं व्हतं?"

"मालेच दिसनं."

त्या विमानात जाऊन बसल्या, बाकड्याच्या एका कडेला. मी बाजूला उभा होतो, म्हणून मला फळीमागचं दिसलं. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात उताणा ठेवला होता.

फोटो निघाला तरी त्या उठल्या नाहीत. या वेळी मागे ओरडायला गिऱ्हाईक नव्हतं, आणि भटूही उठवायला गेला नाही.