सरकारी वावरातली चौथी पट्टी

लग्नानंतर माहेराहून निघताना मायने माझी ओटी भरली, तेव्हा तांदळाबरोबर एक गाठोडंही पदरात टाकलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली सरकी होती ती. माहेर अमरावतीच्या बाजूचं. तिथल्या आमच्या काळ्या वावरात पिढ्यान्पिढ्या एकच कपाशी पेरली जायची आणि तिचं बी कधी बाजारातून येत नसे. माय पऱ्हाटीच्या मधल्या फांद्यांवरची टपोरी बोंडं वेगळी वेचायची, घरच्या रेच्यावर त्यांची रुई काढायची आणि सरकी राखेत घोळून कणगीत ठेवायची. लोकांच्या पोरी सासरी भांडी घेऊन जातात, मी बियाणं घेऊन आले. सासूने, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, गाठोडं सोडून पाहिलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ढोरं नाही आनली अन् ढोराचं खानं आनलं, काहून वं?"

माझं तोंड तेव्हाही तिखटच. मी म्हटलं, "मायले वाटलं, ढोरं अठी असतीनच."

त्या दिवसापासून आम्हा दोघींची जी जुंपली, ती पुढे गोड झाली तरी थांबली कधीच नाही. आज नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवून गिरवून मला चार ओळी लिहिता येतात, तर पहिल्यांदा हेच लिहून ठेवावंसं वाटलं. आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मी खोटं लिहिलं म्हणून.

सासर अकोल्याजवळचं, मोर्णा नदीच्या काठाला लागून असलेलं एक गाव. मी आले त्याच सुमारास कापसाला सोन्याचा भाव चढला. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्रजाच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडची आठवण झाली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. दलाल धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहून कापूस मागायचे, आणि लोक वेचलेला कापूस सरकीसकट तसाच बैलबंडीत भरून द्यायचे. रुई काढायला कुणाला सवड होती? पुढच्या पेरणीला बी नाही, म्हणून बाजारातून आणायचं. त्या बाजारच्या सरकीत दहा गावची दहा बियाणी. पेरणीच्या एकाच ओळीत एक पऱ्हाटी कमरेएवढी तर दुसरी गुडघ्याला. पण भाव होता तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

माहेरीही तेच झालं. माझ्या भावांनी दलालाच्या नादाला लागून कणगीतलं बियाणंसुद्धा विकलं. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीबरोबर मायचा निरोप आला, "आपल्या घरची सरकी संपली. तुह्याजवळची जप." तो निरोप ऐकून मी चुलीपुढे बसून रडले. माणूस गेल्यासारखं वाटलं मला, आणि ते सांगायची सोय नव्हती.

जप म्हणजे पेर. नुसती ठेवून सरकी जपली जात नाही. दोन पावसाळे गेले की तिचा जीव जातो. पण सासऱ्यांना, आमच्या मामंजींना, ती पेरायची नव्हती, कारण आमची कपाशी उशिरा फुटायची. "दलाल निंगून गेल्यावर बोंडं फुटली तं का दलालाच्या तेरवीले इकू?" ते म्हणायचे. एक पावसाळा तसाच गेला. दुसऱ्याची वेळ आली.

अशात सरकारचा हुकूम आला. कोणत्या जातीची कपाशी चांगली, हे पाहायला सरकार स्वतःच्या खजिन्यातून वावर घेणार, मजुरी देणार, पेरणार, निंदणार आणि तोलून पाहणार. विहिरीजवळचं आमचंच वावर त्यांना पसंत पडलं. सगळा गाव हसला. पारावरचे म्हातारे म्हणाले, "आपल्या शेतसाऱ्याचा पैसा घेते अन् आपल्याच वावरात गाडून राहिलं सरकार." मामंजींना वावराचं भाडं मिळणार होतं म्हणून ते तेवढे हसले नाहीत. मला मात्र हसू आलं नाही. हे सरकार आमच्या मायेपोटी आलेलं नाही, त्याला त्याच्या गिरण्यांची काळजी, हे मला चुलीपाशी बसूनही कळत होतं. पण अख्ख्या वऱ्हाडात सगळे कापूस विकत असताना, बियाण्याचं काय, हे विचारणारं एक तरी कुणी निघालं होतं. दलालाने कधी विचारलं नव्हतं.

देखरेखीला पुण्याकडचे एक कारकून आले. किडकिडीत, अंगात लांब डगला आणि बोलणं इतकं मऊ की आमच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. त्यांनी वावराच्या चार पट्ट्या पाडल्या. पहिलीत विलायती सरकी, दुसरीत गुजरातकडची, तिसरीत बाजारातली. चौथीसाठी जे पोतं आलं होतं ते वाटेत भिजून कुजलेलं निघालं. कारकून ओसरीवर मामंजींना विचारत होते, आता या पट्टीचं काय करावं.

सुनेने परक्या पुरुषाशी बोलायची रीत नव्हती. मी दाराआडून बोलले. "तिच्यात माही सरकी पेरा."

मामंजींनी मान फिरवली. कारकुनांनी दाराकडे न पाहता विचारलं, "कोणती जात म्हणायची ही?"

"जातबीत मले मालूम नाही जी. माह्या मायची हाये."

आत्याबाईंनी दंड धरून मला आत ओढलं. पण त्या जे बोलल्या ते मला वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं. "सारी देऊन राहिली? मूठभर तं ठेव, पोरी. ते जयलं तं तुह्यापाशी का राहीन?"

ठेवून उपयोग नव्हता. पुढच्या वर्षी ती उगवलीच नसती. मी सगळी दिली आणि माझ्या हातात लुगड्याचं फडकं तेवढं उरलं. ते फडकं मी धुतलंसुद्धा नाही.

शेणमातीत घोळून सरकी पेरली गेली, पाऊस झाला, चारही पट्ट्या उगवल्या. विलायती पऱ्हाटी अशी वाढली की लोक बंड्या थांबवून पाहायचे. हिरवीगार, उंच, पानंच पानं. माझी पट्टी बुटकी, काटक, धुऱ्याला चिकटून बसलेली. येणारा-जाणारा हटकून विचारायचा, "हे कोनाचं बेनं?" आणि आत्याबाई हटकून सांगायच्या, "आमच्या सूनबाईचं." मी ते तोंड मिटून ऐकायचे, म्हणजे मला किती लागत असेल पाहा.

मग एक दिवस कारकूनच विहिरीवर बोलता बोलता म्हणाले की, पहिली वेचणी झाली की वरचे साहेब येतील, पट्टीवार कापूस तोलतील आणि जी पट्टी जड भरेल तिचंच बियाणं सरकार वाढवील. बाकीची सरकी ढोरांना. पहिल्या वेचणीला माझ्या पट्टीत निम्मी बोंडं मिटलेलीच असणार होती. मी रीतभात सोडून समोर जाऊन म्हणाले, "राव, माही कपाशी दुसऱ्या वेचणीले भरते. तवा तोला."

"बाई, हुकूम पहिल्या वेचणीचा आहे."

"तुमचा हुकूम बोंडाले आयकू जाते का?"

ते हसले नाहीत. त्यांच्याही हातात काही नव्हतं. मायचं बियाणं मी स्वतःच्या हाताने परीक्षेला बसवलं होतं आणि परीक्षा त्याची वेळ यायच्या आधीच होणार होती. त्या दिवसांत माझा राग अख्ख्या घराने सोसला, कोंबड्यांनीसुद्धा.

आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. वावरात पाच दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, मग बाया वेचायला लागतात, आणि वेचलेल्या ढिगापुढे सीतामाईला दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो चारी दिशांना शिंपायचा. सरकारी वावर झालं म्हणून सीतादही चुकवायची, हे आत्याबाईंना मान्य होण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी कारकून अकोल्याला गेले होते, चार पट्ट्यांसाठी चार वेगळी पोती आणायला. मी घरी दहीभात कालवत होते. आत्याबाई बाया घेऊन पुढे गेल्या.

मी टोपली घेऊन वावरात पोचले तर नैवेद्य माझ्यासाठी थांबला होता. वेचणी मात्र थांबली नव्हती. कडुनिंबाखाली कापसाचा एक भलामोठा ढीग. एकच. चारही पट्ट्यांचा.

तेवढ्यात कारकुनांची बंडी आली. पोती हातात घेऊन ते ढिगापुढे उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे काय केलंत, आजी? पट्ट्या वेगळ्या ठेवायच्या होत्या ना!"

आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वावराचे तुकडे तुमी पाडले जी. सीतामायले तुकडे चालत नाही. पयल्या वेचनीचा ढीग एकच रायते. माह्या सासूनं तसाच केला, तिच्या सासूनंबी तसाच केला."

ते खरंच होतं. आमच्या गावात कुठल्याही बाईने तेच केलं असतं. कारकून मटकन धुऱ्यावर बसले. "आता साहेबांना मी काय तोलून दाखवू?" असं स्वतःशीच म्हणत राहिले. मला त्यांची दया आली, देवाशपथ आली. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी हातातली टोपली खाली ठेवून इतकी हसले, इतकी हसले, की बायांना वाटलं मला वारं आलं.

"राव," मी म्हटलं, "आता दुसरी वेचनीच तोला लागन."

साहेब आले. लालबुंद झाले, ढिगाभोवती फिरले, कारकुनांकडून सगळं समजून घेतलं. मला वाटलं होतं चाबूक निघेल. पण त्यांनी आत्याबाईंना बोलावून त्या पाच दगडांबद्दल विचारलं, आणि मग सांगितलं की दुसऱ्या वेचणीला ते परत येतील. पुन्हा घोळ झाला तर मात्र काहीच न तोलता विलायती बियाणं वाटून टाकतील.

त्यानंतर माझ्या आत्याबाईंनी जी राखण केली तशी कुणी पोटच्या पोराची करत नाही. चार पट्ट्यांना चार बाया नेमल्या. एकीने दुसरीच्या पट्टीत पाय ठेवला की शिव्या. मी चौथीत वेचत होते. विलायती पऱ्हाटीने जे द्यायचं ते पहिल्याच वेचणीला देऊन टाकलं होतं, उरलेली बोंडं पानांच्या दाटीत सडली होती. माझ्या पट्टीत मात्र फांदी हलवायला जागा नव्हती. ओटी भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. मायचा हात तिथे माझ्या हातावर होता असं मला वाटत होतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही.

कडुनिंबाला मोठा काटा टांगला. अख्खा गाव गोळा झाला, हसणारे म्हातारे सगळ्यांत पुढे. तीन पोती तोलली. चौथं चढवलं आणि पारडं धाडकन जमिनीला टेकलं. कुणीतरी ओरडलं, "काटा खोटा हाये!" त्यावर आत्याबाई पुढे झाल्या. "खोटा? उतरव. अजून एकडाव तोल." पुन्हा तोललं. पारडं पुन्हा टेकलं. मग साहेबांनी तिथेच रुई काढवून तिचा धागा चिमटीत ओढून पाहिला आणि कारकुनांना काहीतरी सांगितलं. कारकूनच आधी हसले, मग आम्हाला सांगितलं. साहेब म्हणत होते की एका वर्षाने काही ठरत नाही, हेच बियाणं पुढल्या वर्षी सबंध वावरात पेरायचं, खर्च सरकारचा.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ढोराचं खानं," त्या म्हणाल्या आणि पदराने माझं तोंड पुसलं. मी रडते आहे हे मला तेव्हा कळलं.

पुढल्या वर्षी तिकडची लढाई मिटली आणि भाव कोसळला. दलाल असे गेले की धुऱ्यावर त्यांच्या पावलाची खूणसुद्धा राहिली नाही. चांदीच्या शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरल्या. पण आमच्या विहिरीजवळचं वावर ठरल्याप्रमाणे पेरलं गेलं, मजुरी ठरल्याप्रमाणे मिळाली, त्याच्या पुढल्या वर्षीही मिळाली. बाजार कापसावर प्रेम करतो ते भाव असेतो. बियाण्याला वर्षं लागतात, आणि ती वर्षं पोसायला ज्याची कोठी मोठी त्यानेच पुढे यावं लागतं. इंग्रजाबद्दल माझं बाकीचं मत काही बरं नाही, पण हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

शेवटी दवंडी पिटली. चांगलं बियाणं अकोल्याला सरकारी कोठीत मिळेल, कुठल्याही गावच्या कास्तकाराने न्यावं. बंड्यांची रांग लागली. कारकुनांनी बोलावलं म्हणून आत्याबाई आणि मी तिथे सरकी मापून द्यायला होतो. एका बंडीतून माझे बाबा उतरले, आणि त्यांच्या मागून माय. हे बियाणं आपलंच आहे असा निरोप मी मुद्दामच धाडला नव्हता. सरकारी बियाणं घ्यायच्या निमित्ताने लेकीला पाहावं, एवढंच मनात घेऊन ती आली होती.

मायने मला पाहण्याआधी सवयीने पोत्यात हात घातला. सरकी तळव्यावर चोळली. एक दाणा दाताखाली धरला. "हे तं आपलं हाये," ती म्हणाली. "हे तं आपल्या घरचं हाये वं!"

कारकून मऊ आवाजात म्हणाले, "बाई, हे सरकारी बियाणं आहे."

"असन जी. सरकारनं सांभायलं म्हनून सरकारचं. पन त्याचं माहेर माह्या घरी हाये."

माय कधीतरी येईल म्हणून घरच्या पेटीतून बरोबर आणलेलं ते लुगड्याचं न धुतलेलं फडकं मी काढलं. मायने ते ओळखलं. मी दोन्ही ओंजळी भरून सरकी घेतली आणि म्हटलं, "माय, पदर पुढं कर." ती मागे सरली. मायने लेकीची ओटी भरायची असते, लेकीने मायची नाही. आमच्याकडे तशी रीतच नाही. मी रीतीची जी धनीण, तिच्याकडे पाहिलं.

आत्याबाईंनी हातातलं माप खाली ठेवलं.

"भर वं," त्या म्हणाल्या. "चांगली शीग लावून भर."